तारेच्या माणसाचे आवाज

चष्मेवाल्यांनी दोन बोटांच्या टोकांना चष्म्याच्या नाकावरच्या रबरी गाद्या चिकटवल्या, श्वास रोखला आणि बोटं वाळूच्या ताटलीत चालवायला सुरुवात केली. एक पाऊल. मग दुसरं. ताटलीशेजारी जाड पुस्तकाला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता. वाळू अगदी हवी तशी करकरत होती. तिसरं पाऊल पडायला आणि स्वयंपाकघरात बादली आपटायला एकच गाठ पडली.

बोटं हवेतच थांबली. चष्मेवाल्यांनी लाल ठिपका बंद केला, वाळू हाताने सारखी केली, पुन्हा श्वास रोखला. या वेळी चार पावलं नीट पडली आणि पाचव्याला कपाटाचं दार वाजलं.

दुसऱ्या एखाद्या घरात माणूस इथे ओरडला असता, "अगं, जरा हळू!" आणि आतून कुणीतरी म्हणालं असतं, "मग काय कापूस लावू भांड्यांना?" पण या घरात तशी बोलाचाली राहिली नव्हती. भांडण झालं होतं असंही नाही. भांडण झालं असतं तर मध्ये पडून कुणी मिटवलं तरी असतं. अंगाचा साबण रोज थोडाथोडा झिजावा आणि एक दिवस हाताला नुसती पातळ चकती लागावी, तसं त्यांचं बोलणं झालं होतं. गॅस संपलाय. बरं. वीजबिल भरलं. हं. तेवढी चकती मात्र दोघंही जपून वापरत.

गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत आणि त्यांच्या बायकोला ऑपरेटरबाई. बाईंनी उभी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. घाबरलेल्या, रडणाऱ्या, चिडलेल्या माणसांना शांत आवाजात "थांबा हं, जोडून देते" म्हणायचं, यात त्यांचा जन्म गेला. घरी आल्या की म्हणत, "आज कान ठणकतायत." चष्मेवाले दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत आणि घरी आले की त्यांनाही गप्पच बसावंसं वाटे. लेक होती तोवर तिच्या निमित्ताने घरात आवाज असे. ती लग्न होऊन दूरदेशी गेली. मग दोन वर्षांपूर्वी चष्मेवाले दुकानात काउंटरमागे अचानक कोसळले. समोरचं गिऱ्हाईक बराच वेळ समजत होतं की खाली वाकून फ्रेम शोधतायत. डॉक्टरांनी गोळ्या लावून दिल्या, दुकान दुसऱ्याकडे गेलं, आणि चष्मेवाले घरी आले ते सुट्या भागांचा एक मोठा खोका घेऊन.

त्या खोक्यातून तारेचा माणूस निघाला. फ्रेमच्या तारेचे हातपाय, नाकावरच्या गाद्यांचे बूट, भिंग पुसायच्या पिवळ्या फडक्याचा कोट. चष्म्याच्या घरांची त्याची खोली, त्यात एक खुर्ची, एक खिडकी. एक फोटो काढायचा, माणसाला केसभर हलवायचं, दुसरा फोटो काढायचा. असे डझनभर फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होई. खुर्चीवरून उठायला त्या माणसाला एक अख्खी दुपार लागली. खिडकीपर्यंत जायला आठवडा. तो खिडकी उघडून बाहेर बघतो, खिडकी लावतो, परत येऊन बसतो. बसल्यावर त्याची मान हळूहळू छातीवर येते, बराच वेळ तशीच राहते आणि मग एकदम वर होते. बस, एवढंच. पण चष्मेवाल्यांचे हात आयुष्यभर बारीक स्क्रू फिरवलेले; ती मान इतकी खरी कलत होती की ते स्वतःच पुन्हा पुन्हा बघत.

त्यांनी ती फिल्म लेकीला पाठवली. तिचा लगेच फोन आला.

"बाबा, आवाज येत नाहीये. माझा फोन बिघडला की काय?"

"आवाज नाहीच त्यात."

"मग घाला की! एवढं सुंदर केलंय, आणि मुकं मुकं वाटतंय. आईला दाखवलंत? काय म्हणाली?"

"दाखवीन," चष्मेवाले म्हणाले.

त्यांनी दाखवली नव्हती. बाईंनीही मागची खोली बंद करून आत काय चालतं, ते कधी विचारलं नव्हतं.

दुकानातला जुना कॉम्प्युटर घरी होताच. लेकीने दुरूनच त्यावर एक फुकटचं, शिकाऊ माणसांसाठीचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. वर चित्रांची पट्टी, खाली आवाजाची पट्टी. आवाज तिथे दिसत असे, हृदयाच्या आलेखासारखा, वरखाली टोकं असलेला. शिकवणारा एक तरुण इंटरनेटवर होता. "मित्रांनो, अगदी सोपं आहे," असं म्हणून तो माउस असा काही फिरवी की चष्मेवाल्यांना दर वाक्याला थांबवून मागे जावं लागे. पहिल्या खेपेला त्यांनी पावलांचा आवाज चुकीच्या जागी सोडला. माणूस खुर्चीवर बसला तरी पावलं खोलीभर चालत राहिली. दुसऱ्या खेपेला कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि तारेचा माणूस पिसाटल्यासारखा दोन क्षणांत खिडकीला शिवून आला. पण चिकाटी हा त्यांचा जुना गुण. सकाळी समोरच्या शाळेचा गलका असे, संध्याकाळी रस्त्याचा. दुपारी जेवणं झाली की तेवढी शांतता. पण दुपारी ऑपरेटरबाई घरात असत.

बादली, कपाट, ड्रॉवर, नळ. एक म्हणून रेकॉर्डिंग साफ मिळेना. बाकी वेळी मांजरीच्या पावलांनी वावरणारी बाई नेमकी त्याच वेळी घर डोक्यावर घेई. मुद्दाम करते की काय, असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. आलं ते जाईना.

शेवटी एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी बऱ्याच दिवसांत वापरला नव्हता.

बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"दुपारी मी मागे जरा रेकॉर्डिंग करतो."

"माहीत आहे."

"त्यात आवाज येतात. बाहेरचे."

"माझे."

"तुझे असं नाही. भांड्यांचे, दारांचे."

"भांडी आपणहून वाजतात होय?"

हसावं की नाही, ते चष्मेवाल्यांना कळलं नाही. "थोडा वेळ तेवढं सांभाळलं तर—"

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा खाली बघून देठ खुडू लागल्या.

त्या दुपारी घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. चष्मेवाल्यांनी ताटली घेतली, बोटांना बूट चढवले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण पावलं टाकण्याऐवजी कानोसा घेतोय. काहीच नाही. त्यांनी दार उघडून बघितलं. बाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. हात मांडीवर, पाय जुळवलेले, दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत बसल्यासारख्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही. पाणी हवं होतं," चष्मेवाले म्हणाले आणि तहान नसताना पेलाभर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

"धाकट्या बहिणीकडे जाऊन येते चार दिवस. येत नाहीस, येत नाहीस म्हणून तिची कटकट चालूच असते. तुमचंही काम होईल निवांत."

"बरं."

"गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून ठेवल्यात. संध्याकाळी फोन करत जा." चप्पल घालता घालता त्या थांबल्या. "नाही, राहू दे. मीच करीन."

पहिले दोन दिवस चष्मेवाल्यांचं काम झपाट्याने झालं. वाळूतली पावलं एका दमात मिळाली. खिडकीच्या कडीला त्यांनी चष्म्याची बिजागरी वापरली, खुर्चीच्या कुरकुरीला जुन्या पाकिटाचं चामडं. प्रत्येक आवाज उचलून पट्टीवर ठेवायचा, बूट जमिनीला टेकतो तिथे टोक जुळवायचं, पुढे सरकायचं. आवाज जागेवर बसला की तारेच्या माणसाला एकदम वजन येई. आतापर्यंत तो हलत होता. आता तो चालू लागला. चष्मेवाले एकटेच मोठ्याने म्हणाले, "वा!" आणि रिकाम्या घरात तो शब्द इतका मोठा वाटला की ते दचकले.

संध्याकाळी फोन येई.

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"बरं."

अडलं ते माणूस बसतो तिथे. मान कलल्यापासून वर होईपर्यंतच्या त्या लांबलचक भागात काहीच नव्हतं, आणि काहीच नाही म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये खरोखरच काही नाही. ऐकताना वाटे, मशीन बंद पडलं. शिकवणाऱ्या तरुणाकडे याचाही इलाज होता. "पट्टी कोरी सोडू नका मित्रांनो. रिकाम्या खोलीचा स्वतःचा आवाज असतो, तो रेकॉर्ड करा आणि खाली घाला." चष्मेवाल्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला, लाल ठिपका चालू केला आणि स्वतः न हलता बसून राहिले. रिकाम्या खोलीचा आवाज मिळाला. तो फिल्मखाली घालून त्यांनी ऐकलं आणि काही क्षणांतच इअरफोन काढून ठेवले. तारेचा माणूस त्या आवाजात बसलाय असं वाटतच नव्हतं. तो तिथून गेल्याला बरेच दिवस झाले होते, असं वाटत होतं.

आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी सापडेल म्हणून त्यांनी जुन्या फायली उघडल्या. या सगळ्या टाकाऊ होत्या, बादल्यांनी नि दारांनी बिघडलेल्या. त्यातली एक फारच लांब निघाली. त्या दुपारी पावलं टाकता टाकता त्यांना डुलकी लागली होती आणि लाल ठिपका चालूच राहिला होता.

पट्टीवर सुरुवातीला मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक टोकं होती, ती त्यांची पावलं. मग रेघ सपाट झालेली. सपाट रेघेवर बऱ्याच अंतराने एक उंच टोक. पुन्हा सपाट. मग त्याहून उंच टोक. नंतर आणखी एक, आणि मग बारीक बारीक ठिपके, हळूहळू मोठे होत गेलेले.

चष्मेवाल्यांनी इअरफोन कानात घातले.

आधी वाळू. मग वाळू थांबली आणि त्यांचा स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला, शेवटी बारीक शिट्टी असलेला. मग लांब कुठेतरी ड्रॉवर वाजला. वाजून थांबला. काही वेळ काहीच नाही. मग बादली. पुन्हा थांबणं. मग कपाटाचं दार, आधीच्यापेक्षा जोरात. त्यानंतर अनवाणी पावलं आली. दुरून, जवळ, आणखी जवळ. मोबाइल त्या दिवशी दाराच्या बाजूला ठेवलेला होता. पावलं दारापलीकडे येऊन थांबली तेव्हा चष्मेवाल्यांनी नकळत मान वळवून दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. कानात साडीची सळसळ झाली. कुणीतरी लाकडाला कान लावावा तसा घासल्याचा आवाज. मग अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये आणि जाग्या माणसाला ऐकू जावं, अशा बेताचं:

"अहो?"

रेकॉर्डिंगमधले चष्मेवाले झोपेतच खाकरले. स्टूल करकरलं. दारापलीकडे एक लांब श्वास बाहेर पडला आणि पावलं आली तशी परत गेली. नळ सुटला. त्यानंतर फाइल संपेपर्यंत भांडं वाजलं नाही, दार वाजलं नाही.

चष्मेवाल्यांनी दुसरी फाइल उघडली. मग तिसरी. त्यांना काय सापडणार ते आता त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी सगळ्या ऐकल्या. ते कानशीने तार घासत असले, हातोडी ठोकत असले, की घर गप्प असे. वाळूत बोटं चालवायला लागले की दाराबाहेर काहीच ऐकू जात नसणार. बाहेरच्या माणसाला आत सगळं सामसूम, पुन्हा कोसळल्यासारखं. मग पहिलं भांडं वाजे. काहीतरी हलतंय का, कुणी रागावून ओरडतंय का, बघायला. ते नाराजीने खाकरत, स्टूल सरकवत, आणि भांडी थांबत. आपण चिडतोय एवढंच त्यांना दिसत होतं. आपण उत्तर देतोय, हे कळलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढून फडक्याने पुसला. पुसायची गरज नव्हती. मग तो पुन्हा घातला आणि कामाला लागले. त्या लांब फाइलमधला, शिट्टीच्या श्वासाचा आणि दूरच्या घराचा तुकडा त्यांनी फिल्मच्या बसलेल्या भागाखाली घातला. माणसाची मान वर होते, त्याच्या किंचित आधी ड्रॉवरचा आवाज ठेवला. फिल्म चालवली. माणूस मान टाकून बसला होता. शेजारच्या खोलीत काहीतरी वाजलं. त्याने मान वर केली. ती मान आपण त्या वेळी का वर केली होती, हे चष्मेवाल्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. बोटांना तसं वाटलं होतं, एवढंच.

त्यांनी फोन उचलला. मेहुणीने घेतला आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"भाऊजी? बरे आहात ना?"

"बरा आहे. सहज केला."

"अहो, जीव घाबरा केलात. तुम्ही आणि सहज फोन! ताई इथेच आहे. काय सांगू, बोलून बोलून आम्हाला झोपू देत नाही. एवढं साठवून ठेवलं होतं कुठे हिने?" मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं, आणि त्यातलं एक हसणं ओळखायला चष्मेवाल्यांना थोडा वेळ लागला.

हसणं थांबलं. बाई फोनवर आल्या त्या बोर्डावरच्या आवाजात. शांत, घाई नसलेला, कुठल्याही बातमीला तयार.

"बोला. काय झालं?"

"काही नाही."

"चक्कर?"

"नाही गं. काही नाही."



"काम झालं तुमचं?"

'झालं, ये आता,' एवढंच म्हणायचं होतं. "होत आलंय," चष्मेवाले म्हणाले.

"मग होऊ दे नीट. मी आहे इथे."

"बरं," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बस पकडली.

मेहुणीच्या घराचा जिना चढतानाच त्यांना बाईंचा आवाज ऐकू आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाई गोष्ट सांगत होत्या. हॉस्पिटलात कुणी एक म्हातारे गृहस्थ कवळी विसरून गेले होते आणि कवळीशिवाय फोनवर दातांचा विभाग मागत होते. "मला काही केल्या कळेना! मी आपली जोडून देते बाळंतिणींच्या वॉर्डाला. तिथली सिस्टर विचारते, कितवा महिना? हे म्हणतात—" आणि बाईंनी दोन्ही ओठ आत घेऊन म्हाताऱ्याचा असा काही आवाज काढला की आतली सगळी माणसं हसून लोळली.

चष्मेवाले बेलवर बोट ठेवून उभे राहिले. बायकोला नक्कल येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. की एके काळी ठाऊक होतं आणि विसरलं होतं? हसण्याची लाट ओसरेपर्यंत त्यांनी बेल दाबली नाही.

दार बाईंनीच उघडलं. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. चष्मेवाल्यांना बघताच ते पुसलं गेलं.

"काय झालं?"

"न्यायला आलो."

मेहुणी मागून पुढे आली. "काय भाऊजी, चार दिवससुद्धा बायकोशिवाय करमेना वाटतं!"

"तसं नाही. डबीतल्या गोळ्या संपल्या," चष्मेवाले म्हणाले.

घरभर हशा पिकला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. डबी त्यांनीच भरली होती. ती आठवडाभराची होती. त्यांनी नवऱ्याच्या शर्टाच्या इस्त्रीकडे बघितलं, आणि पिशवी भरायला आत गेल्या.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. पिशवी बाईंच्या पायांत होती. पुष्कळ थांबे गेले.

"सापडली का शेवटी?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काय?"

"कवळी. त्या म्हाताऱ्याची."

बाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही ऐकलंत?"

"दाराबाहेर होतो."

बाई खिडकीतून बाहेर बघू लागल्या. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "खिशातच होती त्यांच्या. वरच्या."

चष्मेवाल्यांना हसू आलं ते थांबेना. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून बघितलं.

घरी पोचल्यावर बाई सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या. चष्मेवाले मागच्या खोलीच्या दारात थांबले.

"जरा येतेस? एक दाखवायचंय."

बाई आत आल्या. कधीकाळी झाडायला येत, त्यालाही बरेच दिवस झाले होते. त्यांनी चष्म्याच्या घरांची खोली बघितली, खुर्चीवरचा पिवळ्या कोटाचा माणूस बघितला, बोटाने त्याच्या बुटाला हळूच स्पर्श केला. "हे गाद्यांचे?"

"हो."

चष्मेवाल्यांनी त्यांना स्टूल दिलं, स्वतः खोका उलटा करून त्यावर बसले. इअरफोनचं एक टोक बाईंनी कानात घातलं, दुसरं चष्मेवाल्यांनी. वायर आखूड होती. दोघांना जवळ सरकावं लागलं.

फिल्म सुरू झाली. माणूस उठला. वाळू करकरली. बाईंनी डोळे मिटले. फोनवर समोरच्याचं नीट ऐकायचं असलं की त्या तसंच करीत, हे चष्मेवाल्यांना आठवलं. खिडकी उघडली, लागली. खुर्ची कुरकुरली. मग शिट्टीचा श्वास सुरू झाला आणि बाईंनी डोळे उघडले. पडद्यावर माणसाची मान छातीवर आली होती. श्वास चालू राहिला. बराच वेळ चालू राहिला. शेजारच्या खोलीत ड्रॉवर वाजला. माणसाने मान वर केली.

फिल्म संपली. चष्मेवाले कीबोर्डकडे बघत होते.

"हा चुकलाय," बाई म्हणाल्या.

"कोणता?"

"ड्रॉवर. किती उशिरा वाजतोय." त्यांचा आवाज बोर्डावरचा नव्हता. "इतका वेळ मी थांबत नाही."

चष्मेवाल्यांनी माउस हातात घेतला. ड्रॉवरचा तुकडा पकडला, थोडा अलीकडे ओढला, आणि थांबले. "पण आवाज अलीकडे आणला तर मानही लवकर वर व्हायला हवी. मधली चित्रं कापावी लागतील."

ती मान खाली राहण्याची चित्रं त्यांनी किती दुपारी बसून काढली होती, ते त्यांचं त्यांना माहीत.

"कापा," बाई म्हणाल्या.

"कुठून?"

"चालवा पहिल्यापासून. मी सांगते."

चष्मेवाल्यांनी फिल्म पुन्हा लावली. माणूस चालत परत आला, खुर्ची कुरकुरली, तो बसला. बाई पुढे झुकून बघत होत्या; एक हात त्यांनी इअरफोनवर दाबून धरला होता.

"इथे," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी बटण दाबून चित्र थांबवलं. माणसाची मान अजून नीट खाली कललीसुद्धा नव्हती.